राजसीची सवत

आमच्या आईचा स्वभाव जळका आहे. पोटच्या पोरीने असं लिहू नये, पण बदलापूर गावात कुणालाही विचारलं तरी हेच ऐकायला मिळेल. शेजारच्या परसात वांग्याला आधी फूल आलं की तिला दोन दिवस जेवण जात नसे. समोरून कुणी नवी साडी नेसून गेलं की ती आधी काठ बघायची, मग पदर बघायची, आणि नाक मुरडून सांगायची की रंग टिकायचा नाही. या बारीकसारीक जळण्यावर तिचं भागलं असतं तर मी लिहायला बसलेच नसते. पण आईला एक मोठी वैरीण होती. पंचेचाळीस वर्षं तिने ते वैर जिवापाड सांभाळलं. वैरीण चारशे फूट लांब होती, पोलादाची होती, आणि नौदलाची होती. तिचं नाव राजसी.

माझे वडील अनंता. जमीन थोडी आणि भाऊ चार, म्हणून पंचाहत्तर साली ते मुंबईला गोदीत चिकटले. नौदलाची जहाजं बांधायची आणि दुरुस्त करायची ती ही गोदी. इंग्रजांच्या काळात तिथे सागवानी जहाजं बांधत, दगडी धक्के तेव्हाचेच. मग वाफेची आली, लोखंडाची आली, आणि स्वातंत्र्यानंतर आपली लढाऊ जहाजं तिथे बांधली जायला लागली. बाबांना हा सगळा इतिहास तोंडपाठ. आजोबांचं जन्मसाल विचारलं तर ते अडखळतील, पण कुठल्या धक्क्यावरून कुठलं जहाज कुठल्या साली पाण्यात गेलं ते सांगताना त्यांना श्वास घ्यायची गरज पडत नाही.

बाबा लॅगर होते. जहाजाच्या पोटात वाफेचे नळ असतात, हाताच्या मनगटाएवढे आणि माणसाच्या कमरेएवढेही. ते इतके तापतात की उघडे ठेवले तर खलाशी भाजून निघतील. म्हणून त्यांना गुंडाळायचं. गुंडाळायचं ते ॲस्बेस्टॉसने. गोदीत त्याला कुणी ॲस्बेस्टॉस म्हणत नसे, सगळे कापूस म्हणत. कापसाचा दोर नळाभोवती गुंडाळायचा, कापसाची पावडर पाण्यात कालवून भाकरीच्या पिठासारखी मळायची आणि हाताने वरून थापायची, ती वाळली की कापसाचंच कापड चढवून सुईदोऱ्याने शिवायचं. बाबांचा टाका गोदीत नावाजलेला होता. वाकड्या नळावरही त्यांची शिवण सरळ यायची, आणि साहेब इतरांना आणून ती दाखवायचे.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात त्यांचं लग्न झालं तेव्हा आई एकोणीस वर्षांची होती. गोदीतला जावई मिळाला म्हणून माहेरी सगळ्यांची छाती फुगली होती. लग्नानंतर पंधरा दिवसांत आईच्या लक्षात आलं की नवऱ्याच्या खाकी सदऱ्यावर रोज पांढरी पावडर असते. कॉलरवर, खांद्यावर, खिशात. आमच्या गावात तेव्हा पावडर बायका लावत, त्याही लग्नाला जाताना. आई गप्प राहिली. मग एकदा बाबा जेवताना सहज म्हणाले की राजसी अजून तयार झालेली नाही, साहेब घाई करतायत, पण ती अशी घाईने नटणारी नाही.

आईच्या हातातला घास हातातच राहिला. त्यानंतर तिने कान टवकारले आणि तिला हवं ते सगळं ऐकू यायला लागलं. राजसी अंगाने मोठी आहे. राजसीला आज रंग लावला. राजसीच्या पोटात उतरायला जागा अरुंद आहे, पण आपण बरोबर जातो. हे शेवटचं ऐकून ती चूल तशीच टाकून माहेरी निघाली होती. आत्याने, म्हणजे बाबांच्या बहिणीने, सगुणाबाईने तिला वेशीवरून परत आणलं. कारण मात्र आईने आत्यालाही सांगितलं नाही. नवरा बाहेर जातो हे स्वतःच्या तोंडाने सांगण्यापेक्षा तिने पुरावा गोळा करायचं ठरवलं.

पुरावा गोळा करायची तिची रीत अशी होती. बाबा पहाटे धुतलेला जोड घालून निघाले की आदल्या दिवशीचे कपडे घेऊन ती मागच्या पडवीत जायची. तिथे सकाळचं ऊन तिरपं येतं. त्या उन्हात ती सदरा दोन्ही हातांनी धरून जोरात झटकायची आणि किती पावडर उडते ते बघायची. मग कॉलर नाकाला लावून वास घ्यायची. खिसे उलटे करायची, लांब केस सापडतोय का बघायची, पँटच्या शिवणीत बोट फिरवायची. हे झाल्यावरच कपडे नदीवर जायचे. गोदीत जाणारे आमच्या गावातून आणखी तिघे होते. त्यांच्या बायका बादलीतून कपडे आणायच्या आणि थेट पाण्यात बुडवायच्या. त्यांना झटकायचं काही कारण नव्हतं.

सहा महिन्यांनी गोदीत घरच्या माणसांसाठी एक दिवस ठेवला होता. बाबा आईला घेऊन गेले. आई हिरवी नऊवारी नेसून, नथ घालून, भांडायच्या तयारीने गेली. धक्क्यावर उभं राहून बाबांनी हात वर केला आणि म्हणाले, ही राजसी. आईने वर बघितलं. वर, आणखी वर, मान दुखेपर्यंत. करड्या रंगाचा पोलादी डोंगर, आणि त्यावर ते नाव.

कुणालाही वाटेल, तिथे ती हसली असेल. ती घरी येऊन रडली. ती मला सांगायची, "बाई असती तं झिंज्या धरल्या असत्या. याला कुठं धरू?"

आणि खरंच, बाई परवडली असती. बाई म्हातारी होते, भांडते, सोडून जाते. राजसी दर तीन-चार वर्षांनी दुरुस्तीला गोदीत यायची आणि बाबा नव्या नवरदेवासारखे कामाला जायचे. जुना, वाळलेला कापूस नळांवरून उपटून काढायचा आणि नवा चढवायचा. उपटताना आत इतका धुरळा व्हायचा की दोन हातांवरचा माणूस दिसत नसे. पोरं कापसाचे गोळे करून एकमेकांना मारत. नाकाला फडकंसुद्धा कुणी बांधलं नाही. अंबरनाथचा कोंडाजी म्हणून बाबांचा जोडीदार होता, त्याला पुढे दम लागायला लागला. सगळे दमा म्हणाले. तो शहाण्णव साली पन्नाशीच्या आत गेला.

राजसी बाई नाही हे कळल्यावर आईने झटकणं थांबवायला हवं होतं. तिने ते वाढवलं. आता पावडर कुणाची ते तिला ठाऊक होतं. कमी उडाली तर राजसी समुद्रावर आहे आणि बाबा दुसऱ्या कुठल्या जहाजावर नाइलाजाने काम करतायत. जास्त उडाली तर ती आली आहे. बाबांनी काही सांगायच्या आधी आई ओळखायची, आणि त्या दिवशी आमटीत हमखास मीठ जास्त पडायचं. ती म्हणायची, माझ्या पोलक्याचं बटण तुटलं तर महिनाभर पिन लावून फिरते, आणि हा तिकडे तिला कापडं शिवतो. यात खोटं काही नव्हतं. बाबांनी घरी कधी सुई हातात धरलेली मी पाहिली नाही.

माझ्या बारशाची गोष्ट तर गावात अजून सांगतात. बाबांनी आत्याला आधीच पढवून ठेवलं होतं, पोरीच्या कानात राजसी सांग. आत्या पाळण्यावर वाकली, "कुर्र" केलं आणि पहिलं अक्षर तोंडातून निघतं न निघतं तोच आईने बाळंतपणाच्या अंगाने उठून तिच्या तोंडावर हात ठेवला. पाळणा अर्ध्यावरच थांबला. मग शाळेतल्या बाईंना बोलावून आणलं आणि आईने सांगितलं, त्या नावाच्या जवळपास जाणार नाही असं कुठलंही नाव द्या. बाई विज्ञान शिकवायच्या. म्हणून मी जिज्ञासा. आईला ते आजही नीट म्हणता येत नाही.

लहानपणी मला हे सगळं गमतीचं वाटायचं. थोडी मोठी झाल्यावर मलाही राजसीचा राग यायला लागला. माझ्या शाळेच्या बक्षीस समारंभाला बाबा आले नाहीत, राजसीची चाचणी होती. माझ्या लग्नात बाबांनी तीन वेळा घड्याळ बघितलं, त्या दिवशी राजसी धक्क्याला लागणार होती. आईचा जळकेपणा माझ्यातही उतरला आहे, तो मी कशाला लपवू. फरक इतकाच की मी शिकलेली, म्हणून मी तोंड वाकडं न करता जळते.

नव्वदीनंतर गोदीत कापूस बंद झाला, काचेची लोकर आली. दोन हजार बारा साली राजसीला निवृत्त केलं, आणि दोन वर्षांनी बाबांना. निवृत्तीच्या आधी त्यांनी एक दृश्य पाहिलं आणि ते घरी येऊन कौतुकाने सांगितलं. राजसी तोडायला द्यायच्या आधी तिच्या पोटात उरलेला जुना कापूस काढायचा होता. माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत, तोंडाला नळ्या, भोवती प्लास्टिकचे पडदे, दारावर कवटीचं चित्र. आपण उघड्या हातांनी थापलेला कापूस ही पोरं चिमट्याने उचलतात, असं सांगून बाबा पोट धरून हसले. आई हसली नाही. तिला त्या कवटीची शंका आली का, हे मी तिला विचारलंय. ती म्हणाली, तेव्हा मनात एवढंच आलं की मेल्यावरही हिचे किती लाड.

मी जवळच कात्रपला राहते, तिथल्याच शाळेत शिकवते. आई-बाबा गावातच आहेत. गेल्या वर्षी गोदीतल्या निवृत्त कामगारांनी स्मरणिका काढायचं ठरवलं आणि जुन्या लोकांकडून आठवणी मागवल्या. बाबांनी माझ्याकडून लिहून घेतल्या. ते बोलायचे, मी मोबाइलवर टाइप करायची. कुठल्या नळाला किती वळणं, आत किती धुरळा व्हायचा, कुठला साहेब काय म्हणाला, राजसी पहिल्यांदा समुद्रावर गेली तेव्हा धक्क्यावर कोण कोण रडलं. आई ओट्यापाशी पालेभाजी निवडत बसलेली असायची. मधूनच तिला खोकल्याची उबळ यायची. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं किती पानं झाली. मी अकरा म्हटलं. तिने विचारलं, "माजं नाव कितव्या पानावर हाय?"

मी बाबांकडे बघितलं. बाबा चष्मा पुसत बसले. आईने भाजी उचलली आणि आत गेली.

तो खोकला आठ महिने टीबीचा म्हणून चालला. गोळ्यांनी लघवी लाल झाली, खोकला हटला नाही. मग छातीत पाणी झालं. ते काढलं की पुन्हा भरायचं. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये स्कॅन केला, सुई घालून तुकडा काढला, आणि कागद घेऊन आम्ही अंबरनाथला डॉक्टर संजीवनींकडे गेलो. त्या छातीच्या डॉक्टर, वयाने माझ्याहून लहान. त्यांनी कागद दोनदा वाचले आणि आईला विचारलं, मावशी, तुम्ही कुठल्या कारखान्यात होता. आई म्हणाली, आयुष्यात कारखान्याचं दार बघितलेलं नाही, शेती केली आणि बाजारात भाजी विकली. मग घरात कोण ॲस्बेस्टॉसमध्ये होतं, असं डॉक्टरांनी विचारलं.

बाबा म्हणाले, "मी गोदीत होतू. पन तितं धूल नव्हती."

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. ज्या माणसाने अकरा पानं मला धुरळ्याच्या गोष्टी सांगितल्या, त्याने हे अगदी शांतपणे सांगितलं. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, बाबांनी पुन्हा तेच सांगितलं, वर हेही म्हणाले की माझ्या छातीचे फोटो काढून बघा, मला काही झालेलं नाही. खरंच काही झालेलं नव्हतं. पंधरा-वीस वर्षं कापसात लोळलेला माणूस सत्तराव्या वर्षी जिना चढून आला होता, आणि भाजी विकणाऱ्या बाईच्या फुप्फुसाच्या आवरणाला कॅन्सर झाला होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तुकड्यावरून आजार नक्की आहे, बरा होणारा नाही. पण तो कुठून आला याची नोंद व्हायला कामावर असलेल्या माणसाची जबानी लागते. ती झाली तर गोदीतल्या बाकीच्या कामगारांच्या बायकांना तपासायला बोलावता येईल. त्यातल्या कुणाचं लवकर सापडलं तर सापडलं.

घरी येऊन मी बाबांशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना अरेतुरे केलं. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. एकदाच म्हणाले, तिला आता का बदनाम करायची, ती तर गेली, कापून तिचे पत्रे झाले. ते कुणाबद्दल बोलतायत हे कळायला मला एक क्षण लागला.

आईने त्या आजाराचा तेवढा धसका घेतला नाही, जेवढा त्या एका वाक्याचा. धूळ नव्हती. पुढचे आठ दिवस ती जेवायला बसली की सुरू करायची. तिला बायकांच्या तपासणीचं काही नव्हतं, डॉक्टरच्या कागदाचं नव्हतं. "मना दुसरं काय नको. त्याच्या तोंडानं एकदा बोलू दे, तिनं केलं म्हनून. तिनं याला सोडला नी मना धरला. सवतच ती." मी म्हणायची, आई, तू आता आराम कर. ती म्हणायची, आराम करीन ना, तो बोलला की लगेच करीन. मला दिसत होतं की त्या एका वाक्यासाठी ती जीव धरून बसली आहे.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी बाबांना काही विचारलंच नाही. त्यांनी आईला विचारलं, कपडे कसे धुवायचा, सगळं सांगा. गावातल्या गोदीवाल्यांच्या बाकीच्या तिघी बायकांना काही झालेलं नाही असं तुमची मुलगी सांगते, मग तुम्हालाच का झालं ते मला समजत नाही.

आईने सगळं सांगितलं. पडवी, तिरपं ऊन, झटकणं, कॉलरचा वास, उलटे केलेले खिसे. लांब केस शोधायची तेही सांगितलं. किती वर्षं, असं डॉक्टरांनी विचारलं. आई म्हणाली, "कापूस होता तवर रोज. नंतर बी सवयीनं."

मी बाबांकडे बघितलं. त्यांचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं. पंचेचाळीस वर्षं एका घरात राहून त्यांना हे माहीत नव्हतं. आपल्या सदऱ्यात बायको रोज नाक खुपसते, आणि का खुपसते, हे त्यांना पहिल्यांदा कळत होतं, तेही परक्या बाईसमोर. ते खुर्चीवर पुढे सरकले आणि आईला म्हणाले, "तुळशे, मना इचारायचं होतंस."

आई म्हणाली, "इचारलं असतं तं तुमी खरं सांगितलं असतं. म्हनून तं इचारलं नाय."

बाबांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता ते उठून बाहेर जातील, तशी त्यांची सवय आहे. ते उठले नाहीत. त्यांनी टेबलावर दोन्ही हात ठेवले, अजूनही घट्टे असलेले, आणि डॉक्टरांना म्हणाले, "लिवा. धूल होती. लय होती. राजसीची धूल माज्या कपऱ्यांवर घरी आली, नी हिच्या छातीत गेली. हे तिनं केलं. नी मी आनून दिलं."

डॉक्टर लिहायला लागल्या. राजसीचं स्पेलिंग त्यांनी मला विचारलं. कोंडाजीचं नाव बाबांनी आपणहून सांगितलं, त्याची बायको अंबरनाथला कुठल्या चाळीत राहते तेही सांगितलं. खाली त्यांनी सही केली, अक्षर सरळ आलं.

परतताना आम्ही रिक्षा केली. आई मध्ये, एका बाजूला मी, एका बाजूला बाबा. थोडं पुढे गेल्यावर बाबांना रडू फुटलं. आवाज न करता, खांदे हलवत. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. आई पुढे बघत बसली होती. तिला हवं ते मिळालं होतं, आता ती शांत होईल, असं माझ्या मनात आलं.

तिने माझ्या दंडाला चिमटा काढला आणि कानाशी येऊन हळूच म्हणाली, "बग त्याच्याकडं. कोनासाठी रडतंय, माज्यासाठी का तिच्यासाठी?"

मी बाबांच्या चेहऱ्याकडे बघितलं. मला काही सांगता येईना. तरी मी आईला म्हटलं, तुझ्यासाठी, आणखी कुणासाठी.

आई म्हणाली, "इचारलंस कुठं?"

बाबा हाताच्या अंतरावर होते. विचारायला एक वाक्य लागलं असतं. मी रस्त्याकडे बघत राहिले.